माजी सैनिकांची पोर्ट्रेट्स : ब्लेझर, पदकं आणि मिशा यांच्या पुढे कसं जायचं?

कृष्णाकाठ

राम राम मंडळी.

सातारा, कराड, पाटण या पट्ट्यातल्या माजी सैनिकांची पोर्ट्रेट्स करतोय. ६५ आणि ७१ च्या लढायांतले जे हयात आहेत ते, श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेले, कारगिलवाले आणि नुकतेच पेन्शन घेऊन आलेले, असे सगळे. आमच्याकडे फौजेची नवलाई नाही. मिलिटरी अपशिंगे तर सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि इंग्रज सरकारने तिथे स्मारक उभारलं. पण अपशिंगेच कशाला, इकडच्या कुठल्याही वाडीत शिरा, चार घरं सोडून एक 'मेजर' असतोच. (नायक म्हणून पेन्शन आलेला असो की सुभेदार म्हणून, गावात तो मेजरच.)

अडचण अशी आहे की फोटो चांगले येताहेत आणि सगळे एकसारखे येताहेत. माणूस दारात उभा, कोट, छातीवर पदकं, पिळदार मिशी, नजर कॅमेऱ्याच्या वर कुठेतरी. मी कॅमेरा बाहेर काढला की आजोबा "थांबा जरा" म्हणून आत जातात आणि कपाटातला ब्लेझर चढवून येतात. त्याआधी तेच आजोबा म्हशीला पेंड घालत होते, नातवावर खेकसत होते, सोसायटीच्या सेक्रेटरीला शिव्या घालत होते. ब्लेझर अंगावर आला की सावधान! आणि माझ्यासमोर थेट पंधरा ऑगस्टचं पोस्टर.

नेटवर शोधलं की रणांगणावरचे फोटो येतात. इथे रण नाही, अंगण आहे. काय बघावं, कुणाचं काम बघावं, कुठून धागा पकडावा, कुणी सांगेल का? कॅमेरा साधाच आहे, क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान आकाराचा), ३५ आणि ५० च्या दोन प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्स. फ्लॅश वापरत नाही, वापरायचाही नाही.

जुनी_रीळ

विषय उत्तम, अडचण जुनी. गणवेश माणसाला झाकण्यासाठीच असतो, तो त्याचं काम चोख करतोय. सैनिकांची पोर्ट्रेट्स करून ज्यांनी नाव कमावलं त्यांचं काम पाहिलंस तर कळेल की प्रत्येकाने स्वतःला एकच अट घालून घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

रिनेके डाइक्स्ट्रा ही डच बाई. फ्रेंच फॉरिन लीजनमध्ये (फ्रान्सच्या सैन्यातलं परदेशी लोकांच्या भरतीचं दल) भरती झालेल्या ऑलिव्हिए नावाच्या पोराचे तिने २००० ते २००३ या काळात सात फोटो काढले. समोरून, साध्या पार्श्वभूमीवर, कसलाही प्रसंग नाही. पहिल्यात मिसरूड न फुटलेलं वाटावं असं पोर आहे. शेवटच्यात तेच डोळे, तेच नाक, पण आत दुसरंच कुणी बसलंय. सात फोटो ओळीने लावले की मधली वर्षं बघणाऱ्याने भरायची. इस्रायलमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेला निघालेल्या मुलींचंही तिने असंच काम केलंय.

लॅलाज स्नो या ब्रिटिश छायाचित्रकर्तीने २०१० मध्ये एका स्कॉटिश पलटणीतल्या सैनिकांचे तीन-तीन फोटो केले. अफगाणिस्तानला जाण्याआधी, तिथे असताना आणि परतल्यावर. शेजारी शेजारी तीन चेहरे, खाली त्या त्या वेळचं त्यांचं बोलणं. माझं वैयक्तिक मत, खालचा मजकूर फोटोंवर भारी पडतो. लोकांना मात्र हेच काम जास्त भिडतं.

सुझान ऑप्टन अमेरिकेतली. फोर्ट ड्रम या तळावर इराक-अफगाणिस्तानहून परत आलेल्या सैनिकांना तिने टेबलावर डोकं आडवं टेकवायला सांगितलं आणि अगदी जवळून फक्त डोकं टिपलं. खाली आडनाव आणि तो कुठे किती दिवस होता तेवढंच.

टिम हेदरिंग्टनने अफगाणिस्तानातल्या कोरेंगल खोऱ्यात २००७-०८ च्या सुमारास झोपलेले सैनिक टिपले. चिलखत नाही, बंदूक नाही, विशीतली पोरं अंग आवळून गाढ झोपलेली. पुढे २०११ मध्ये लिबियात मिसराताला तो मारला गेला.

यातलं काहीही उचलू नकोस. अट कशी असते ते कळावं म्हणून बघ. तुझी अट कोणती ते तुलाच ठरवावं लागेल.

फौजी७६

डोकं टेबलावर ठेवलेले फोटो शोधून पाहिले. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मढं दिसतंय. २४ वर्षं पलटणीत काढली मी. मला कुणी म्हणालं काका मान टाका, फोटो काढतो, तर त्याला चहा पाजीन आणि वाटेला लावीन.

आणि फोटोवाल्या, ब्लेझर घालून येतात तर येऊ दे की. तुला पोस्टर वाटतंय, त्यांचा तो मान आहे. वर्षातून दोन वेळा शाळेच्या झेंडावंदनाला पदकं बाहेर निघतात. तू तिसरा दिवस आणलास, मग नटणारच माणूस.

अजून एक. पदकं एकसारखी नसतात. तुला वाचता येत नाहीत म्हणून एकसारखी दिसतात. ७१ ला पूर्वेकडे होता तर पूर्वी स्टार, पश्चिमेला होता तर पश्चिमी स्टार. समर सेवा स्टार दिसला की ६५. ऑपरेशन विजयचं (कारगिलचं) निराळं, सियाचेनचं निराळं. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर धातूची पट्टी असते, त्या पट्टीवर मुलूख लिहिलेला असतो. सेवेच्या नऊ वर्षांचं मेडल वेगळं, वीस वर्षांचं वेगळं. आधी छाती वाचायला शीक, मग चेहरा.

गुलबक्षी

फौजीकाका, शेवटच्या वाक्याला दंडवत.

जुनी_रीळ

@फौजी७६, तुमचा आक्षेप तिकडेही आला होता. २००८ मध्ये ऑप्टनचे हे फोटो रस्त्यावरच्या मोठमोठ्या होर्डिंगवर लागायचे होते. मिनियापोलिस-सेंट पॉलला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरणार होतं, तिथे जाहिरात कंपनीने ऐनवेळी हात वर केले. कारण हेच, की सैनिक मेलेले वाटतात.

तरी मी त्या कामाच्या बाजूने उभा आहे. उभ्या माणसाला हुद्दा असतो, आडव्या डोक्याला नसतो. पण आपल्याकडे ते चालणार नाही हे मान्य. वडीलधाऱ्या माणसाला "डोकं टेकवा" म्हणायला आपली जीभ रेटायची नाही आणि रेटूही नये.

सुभेदाराची_लेक

वाचनमात्र असते, आज राहवलं नाही.

आमच्या घरात फौज म्हणजे बाबा नव्हे, कारण बाबा घरात नसतच. फौज म्हणजे काळी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा, नाव आणि खाली पलटण. बढती मिळाली की बाबा जुना हुद्दा काळ्या रंगाने बुजवून वर नवा लिहायचे. ट्रंक तिरकी करून उजेडात धरली तर 'सुभेदार'च्या खाली 'नायक' अजून वाचता येतं, उंचवट्यावरून. पेन्शन आल्यावर त्यात आईने बियाणं ठेवायला सुरुवात केली, उंदीर शिरत नाही म्हणून.

पत्ता असायचा मार्फत ५६ ए.पी.ओ. (लष्कराचं टपाल ऑफिस) किंवा ९९ ए.पी.ओ. गाव नाही, जिल्हा नाही. बाबा कुठे आहेत हे आईला पत्त्यावरून कधीच कळलं नाही. पत्रात थंडीबद्दल किती ओळी आहेत त्यावरून ती अंदाज बांधायची.

आता तुमच्या कामाचं. प्रत्येक फौजीच्या घरी माजघरात किंवा पडवीत एक फोटो हमखास असतो. ट्रेनिंग संपून कसम परेड झाली की रंगरूट सेंटरजवळच्या बाजारात स्टुडिओत जायचा आणि फोटो काढून घरी पाठवायचा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर जिना नाहीतर तळं. हातात काठी किंवा एक हात कुंडीच्या स्टँडवर. गणवेश ढगळ, कॉलर मानेला कुठेच टेकत नाही. आमच्या बाबांच्या फोटोत तर स्टुडिओवाल्याने हाताने ओठ आणि गाल गुलाबी केलेत. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला गेलेल्या बहुतेकांचा असा एक तरी फोटो घरात असणार. त्या फोटोतल्या पोराला आणि आत्ताच्या म्हाताऱ्याला एकत्र बसवा की.

आणि एक टोचणी. वर सगळे चेहरे पुरुषांचे चाललेत. शेती, सासू-सासरे, पोरांच्या शाळा, मनिऑर्डर आली की दुकानदाराची उधारी, हे सगळं करणारीचा फोटो कुणाच्या प्रकल्पात येतो? वीरपत्नी झाली तरच, तोही हार घातलेल्या फ्रेमशेजारी उभं करून.

कृष्णाकाठ

ताई, सुन्न केलंत. स्टुडिओ फोटो मी प्रत्येक घरात पाहिलेत आणि फ्रेममध्ये मागे नको म्हणून नेमके तेच कापत आलोय. घरच्या काकूंबद्दलचं तुमचं म्हणणंही शंभर टक्के खरं. पण खेड्यात घरची बाई परक्या पोरासमोर फोटोला सहजी बसत नाही, बरोबर माझी बहीण किंवा बायको असावी लागेल. ती सोय करतो.

इतिहासवेडा

स्टुडिओ फोटोवरून आठवलं. फ्रान्समध्ये सोम नदीच्या भागात विन्याकूर नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात ते आघाडीच्या मागे होतं, सैनिक तिथे विश्रांतीला येत. लुई आणि अंत्वानेत थुइलिए या जोडप्याने तिथे आपल्या वाड्याच्या आवारात स्टुडिओ थाटला. एक रंगवलेला पडदा, समोर सैनिक उभा, काचेच्या प्लेटवर फोटो, त्याचं पोस्टकार्ड करून सैनिक घरी धाडणार. हजारो प्लेट्स माळ्यावर तशाच पडून राहिल्या आणि २०११ मध्ये उजेडात आल्या. बऱ्याचशा ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या आहेत. बघाच. कुणी सिगारेट ओढतोय, कुणी गावातलं पोर मांडीवर घेतलंय, कुणी नुकताच खंदकातून आलाय, बुटांवर चिखल तसाच. तोच तो पडदा प्रत्येकाच्या मागे आहे म्हणून माणसं वेगवेगळी दिसतात.

जुनी_रीळ म्हणतात ती अट इथे त्या जोडप्याला आपसूक मिळाली. त्यांच्याकडे दुसरा पडदाच नव्हता!

आपल्या सैनिकांचे त्या युद्धातले फोटो शोधाल तर एच. डी. गर्डवुडचे १९१५ मधले फ्रान्सचे फोटो सापडतील, ब्रिटिश लायब्ररीकडे आहेत. पण जपून, त्यातली काही दृश्यं मुद्दाम रचलेली आहेत. सरकारी प्रचाराचं काम होतं ते. आणि गंमत म्हणजे मराठा पलटणींची खरी होळी झाली मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये). कुट-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, त्यानंतर कैदेत किती हाल झाले त्याला सुमार नाही. साताऱ्याकडच्या जुन्या घरांत 'बसऱ्याला गेला' एवढीच आठवण राहिली असेल. तुम्ही घरोघर जाताच आहात तर आजोबांना त्यांच्या आजोबांबद्दल विचारा.

एफ_दोन

तात्त्विक झालं, आता थोडं हातातलं बोलू.

१. पांढरी टोपी हा शत्रू आहे. टोपी, पांढरा सदरा आणि सावळा चेहरा. कॅमेरा सरासरी काढतो, चेहरा काळा पडतो. चेहरा उजळायला जाल तर टोपी जळते, नुसता पांढरा डाग उरतो. मोजमाप गालावर घ्या, मग टोपीचे तपशील टिकतील एवढं एक्स्पोजर खाली आणा आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

२. त्यांना उन्हात उभं करू नका. उंबऱ्याच्या आत दोन हात, तोंड दाराकडे. मागे माजघराचा अंधार, पुढून अंगणाचा उजेड. आपल्या जुन्या घरांत फुकटचा स्टुडिओ आहे हा. डोळ्यांखाली सावली पडतेय वाटलं तर पायाशी पांढरं धोतर किंवा चादर पसरा, खालून उजेड उसळतो.

३. चष्मा काढायला सांगू नका, माणूस अनोळखी दिसतो. काड्या कानावरून किंचित वर उचलल्या की काच खाली झुकते आणि दाराची चौकट काचेत दिसत नाही.

४. ३५ ने जवळ जाऊन चेहरा काढू नका, नाक पुढे येतं. चेहऱ्याला ५० वापरा, क्रॉपवर ती पंचाहत्तर-ऐंशीचं काम देते. ३५ ठेवा माणूस आणि घर दोन्ही हवं तेव्हा.

आणि स्टुडिओ फोटोवर काच असते, ती चकाकते. फ्रेम किंचित खाली कलती धरायला सांगा.

नियमवाला

रसभंग करतो, पण कुणीतरी सांगायला हवं. सेवेतल्या जवानांना यात घेऊ नका. २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ अ‍ॅप्स काढून टाकायला लावली होती. सुट्टीवर आलेला पुतण्या हौसेने "माझाही काढा" म्हणेल, तुम्ही तो टाकाल आणि पलटणीत उत्तर त्याला द्यावं लागेल. छावणीच्या हद्दीत, गेटसमोर, तटबंदीपाशी कॅमेरा काढू नका, सरकारी गुपितांचा १९२३ चा कायदा अजून लागू आहे. निवृत्तांच्या बाबतीतही मराठीत एक साधं संमतिपत्र करा. फोटो प्रदर्शनात लावू का, नेटवर टाकू का, नाव-गाव लिहू का, तीन वेगळे प्रश्न, तीन वेगळ्या सह्या. बरेच जण पहिल्याला हो म्हणतात आणि तिसऱ्याला नाही.

खडकीकर

पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासून. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली अधू झालेले सैनिक तिथे राहतात. काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, काही व्हीलचेअरवर खेळ खेळतात. पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र आहे, ते तर १९४४ चं. रीतसर पत्र देऊन, परवानगी मिळाली तर, तिथली पोर्ट्रेट्स या प्रकल्पात यायला हवीत असं मला वाटतं. युद्धात जखमी झालेला सैनिक सिनेमात एकतर मरतो नाहीतर शेवटी उठून चालतो. उरलेली चाळीस वर्षं कुणी दाखवत नाही.

फक्त दया घेऊन जाऊ नका. मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातले, ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ ला. त्या ४६ वर्षांत त्यांचे किती फोटो निघाले असतील?

विंचूरकर

सगळं ठीक आहे, पण एक प्रश्न पडला. हा प्रकल्प शेवटी युद्धाचं उदात्तीकरणच होत नाही का? सैनिकाचा देखणा फोटो काढला की प्रश्न विचारायचे राहूनच जातात. भरती का होतात पोरं? दुष्काळी तालुक्यातून जास्त का होतात? जमीन किती आहे घरात?

फौजी७६

@विंचूरकर, का होतात ते मी सांगतो. माझ्या बापाला दोन एकर जिरायत होती आणि आम्ही चौघे भाऊ. देशभक्ती पलटणीत गेल्यावर आली, आधी पगार. आता हे फोटोखाली लिहा की, कोण नको म्हणतंय. कुठल्याही फौजीला विचारा, खरं सांगेल. पण ब्लेझर काढून ठेवा मग सांगतो असं नसतंय. ब्लेझर घालूनच सांगेल.

रनिंग_ग्राउंड

माझं वेगळंच सुचवणं. म्हाताऱ्यांबरोबर भरतीची पोरंही घ्या. पहाटे साडेपाचला आमच्या रोडला या, सोळाशे मीटर मारणाऱ्या पोरांची रांग दिसेल. जुनी_रीळनी सांगितलेलं ते सात फोटोंचं काम इथे हुबेहूब करता येईल. अग्निवीर म्हणून चार वर्षं जाणार, त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे ठेवणार. भरतीआधी एक फोटो, चार वर्षांनी एक. काही गणवेशात राहिलेले असतील, बाकीचे कुठे असतील ते फोटोच सांगेल.

कांदेपोहे

चार वर्षांत काय फौजी होणार? या योजनेने तर

संपादक

अग्निपथ योजनेवर स्वतंत्र धागा आहे. कृपया तिकडे. यापुढचे चार प्रतिसाद हलवले आहेत.

जुनी_रीळ

@रनिंग_ग्राउंड, कल्पना जबरदस्त आहे. पण नियमवाल्यांचा मुद्दा इथे आडवा येतो. भरतीआधी तो नागरिक आहे, तेव्हा काढा. मधे हात लावू नका. चार वर्षांनी जे बाहेर आले त्यांचा दुसरा काढा. जे आत राहिले त्यांच्या नावापुढे जागा रिकामी ठेवा. मला तर ती रिकामी चौकट सगळ्यात आवडेल.

कृष्णाकाठ

मंडळी, तुमच्या सल्ल्यांवर काम सुरू केलं, थोडं सांगतो.

भिंतीवरचा फोटो उतरवायला सांगायचा, एवढीच अट ठेवली. बाकी ब्लेझर घाला, बनियनवर बसा, तुमची मर्जी. फोटो मी उतरवत नाही, त्यांनीच उतरवायचा. आणि तिथेच सगळं बदलतं. खिळ्यावरून फ्रेम खाली आली की पहिल्यांदा माणूस मागची धूळ पुसतो, धोतराच्या सोग्याने नाहीतर तळहाताने. मग फ्रेम लांब धरतो, कारण चष्मा हाताशी नसतो. मग त्या पोराकडे बघतो. त्या वेळी माझ्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

एका आजोबांचं सांगतो, नावगाव नको. ७१ ला पूर्वेला होते, पूर्वी स्टार आता मला ओळखता येतो (फौजीकाका, तुमची कृपा). ब्लेझर घालून आले, सावधान उभे राहिले, नेहमीचंच. फोटो उतरवला तर फ्रेममध्ये मागे कोंबलेला दुसरा एक फोटो निघाला. त्याच पडद्यासमोर दोन रंगरूट, खांद्यावर हात. दुसरा कोण विचारलं तर म्हणाले, "ह्यो माझा जोडीदार, एकाच दिवशी भरती." पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मग स्वतःच खुर्ची ओढून दाराशी बसले, दोन्ही फोटो मांडीवर, ब्लेझरची बटणं सोडून. बसायला मी सांगितलं नव्हतं. तो फोटो आजवरच्या कामातला एकमेव आहे जो मला परत परत बघावासा वाटतो. प्रदर्शनाला नाही म्हणाले आहेत, त्यामुळे इथे टाकू शकत नाही.

काकूंचे फोटोही सुरू झालेत. बहीण बरोबर येते. ट्रंकेचा विषय काढला की बायका खुलतात. पुरुष लढाई सांगतात, बायका तारखा सांगतात. कोणत्या महिन्यात पत्र आलं नाही, कोणत्या वर्षी गाय विकली. एका काकूंनी तर नवऱ्याला माझ्यासमोर झापलं, "तू कुठं हुतास तवा, कारगिलला. इथं विहीर ढासळली त्याचं कोण सांगणार?" तो फोटो हलला, बहीण हसत होती आणि मीही.

सुभेदाराची_लेक

तो हललेला टाका! तोच टाका.

एफ_दोन

हलला म्हणजे किती? शटर किती होतं? एक सव्वाशेच्या (सेकंदाचा सव्वाशेवा भाग) खाली जाऊ नका, बोलणाऱ्या बायका स्थिर राहत नाहीत. (हलके घ्या.)

इतिहासवेडा

विहिरीच्या काकूंचा फोटो आणि काकांचा फोटो शेजारी लावा, मध्ये काही लिहू नका.

एक शंका. ज्यांचे नवरे गेलेत त्यांनी पदकं लावून फोटो काढायचा म्हटलं तर? मी वाचलंय त्याप्रमाणे दिवंगताची पदकं नातेवाइकांनी उजव्या छातीवर लावायची असतात, डावीकडे ज्याची त्यानेच.

फौजी७६

बरोबर. उजव्या बाजूला. पण बऱ्याच जणी लावत नाहीत, हातात घेतात किंवा डबीत ठेवून डबी उघडी धरतात. जबरदस्ती नको.

खडकीकर

फोटोंखालच्या ओळींबद्दल काय ठरवलंय? पलटण, हुद्दा, सेवेची वर्षं लिहिणार का? मला वाटतं ऑप्टनबाईंसारखं कमीत कमी लिहावं.

कृष्णाकाठ

मी आधी हुद्दा, पलटण, युद्ध असं लिहीत होतो. आता ज्याने त्याने सांगायचं काय लिहू. एकाने लिहायला लावलं, 'रिटायर्ड हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री, सध्या दूध संस्थेत संचालक'. संचालक हा शब्द त्यांनी दोनदा तपासून घेतला. एकांनी फक्त गावाचं नाव. आणि विंचूरकरांचा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो, भरती का झालात. उत्तर जसंच्या तसं लिहितो. आत्तापर्यंत 'जमीन कमी' आणि 'थोरला गेला होता म्हणून' ही दोन उत्तरं सगळ्यात पुढे आहेत. 'उंची बसली' हेही एक आहे.

विंचूरकर

'उंची बसली'. आभारी आहे, माझं समाधान झालं.

गुलबक्षी

प्रिंट देता का सगळ्यांना? की फोटो घेऊन पसार? आमच्या गावात एक जण येऊन सगळ्या म्हाताऱ्यांचे फोटो काढून गेला, आजतागायत पत्ता नाही.

कृष्णाकाठ

देतो. आठ बाय बाराची एक प्रिंट, आणि हटकून मागतात म्हणून पासपोर्ट साइजच्या प्रतीही. पोर्ट्रेटचं कौतुक एका वाक्यात संपतं, पासपोर्टच्या प्रती मोजून घेतात. बँकेला लागतात, पॉलिक्लिनिकच्या कार्डाला लागतात, आणि एका आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे "पुढं पेपरात द्यायला लागंल".

फौजी७६

मग असं कर. नोव्हेंबरात ये. हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या बँकेत सगळे पेन्शनर लोटतात. आता ते पेन्शनचं स्पर्श पोर्टल आलंय, बोटाचा ठसा मशीनवर उमटत नाही आमच्या पिढीचा, शेतात झिजलाय, त्यामुळे तासन् तास बसून असतात. पाच-पन्नास जण एकाच ठिकाणी, ब्लेझर नाही, पदकं नाहीत, आणि सगळे चिडलेले. तुला हवे तसले चेहरे. बँकेच्या आत काढू नको, बाहेर चहाच्या गाड्यावर काढ. मी असतो तिथं, ओळखी करून देतो. येताना ७१ वाल्यांची प्रिंट घेऊन ये, ते माझ्याच बाकावर बसतात.

कृष्णाकाठ

येतो काका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, नंबर कळवा. आणि तुमचा स्टुडिओतला फोटोही काढून ठेवा भिंतीवरून.

फौजी७६

माझा फोटो ट्रंकेत आहे. बघू.